साठ शब्दांची कंठी

भूपाल मगदुमांना दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं जन्मात जमलं नाही. समोरचा "मी काय म्हणतो" इथवर आला की यांचं उत्तर तयार. घरात तेच, तालमीत तेच, सोयरिकीच्या बैठकीतही तेच. पण त्याच जिभेच्या जोरावर त्यांनी तीस वर्षं तीन जिल्ह्यांतली कुस्तीची मैदानं गाजवली होती. निवेदक म्हणून भूपाल आण्णा माईकपाशी उभे राहिले की हलगीवालेसुद्धा जरा सांभाळून वाजवत. पैलवानाचा हात समोरच्याच्या पायाकडे वळायच्या आत यांच्या तोंडून "पट काढतोय बघा!" गेलेलं असे. लोक म्हणत, आण्णा डाव बघून सांगत नाहीत, आधी सांगतात आणि मग पैलवान तो मारतो.

अशा माणसाचा आवाज आठ महिन्यांत गेला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, तो आजार. सुरुवात जिभेपासून झाली. त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की त्यांची एकुलती लेक त्रिशला पुण्यात अशाच माणसांसाठी यंत्र बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती.

यंत्राचं नाव कंठी. गळ्याभोवती घालायचा दोन बोटं रुंदीचा मऊ पट्टा. तोंडातून आवाज फुटत नसला, तरी माणूस बोलायला गेला की घशाच्या स्नायूंकडे विजेचे अगदी क्षीण संदेश येतातच. पट्ट्यातले संवेदक ते टिपत, आतली चिप त्यांवरून शब्द ओळखी, आणि सदऱ्याच्या खिशातला काडेपेटीएवढा स्पीकर तो शब्द बोलून दाखवी. आवाज कुणाचा, तर आण्णांचाच. गावोगावच्या कुस्तीशौकिनांच्या मोबाईलमध्ये त्यांच्या निवेदनाचं रेकॉर्डिंग पडून होतं. त्रिशलाने नुसता निरोप फिरवला आणि चार दिवसांत शेकडो तासांचा आवाज गोळा झाला.

"साधारण वर्षभर धरा," मिरजेचे डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते. "त्यानंतर घशाकडे संदेशच येणार नाहीत. मग तुमच्या यंत्राला टिपायला काही उरणार नाही."

वर्षभर. हा आकडा त्रिशलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तिची बाजू घ्यायचा मोह व्हायला नको.

दोन हजार एकोणचाळीसच्या फेब्रुवारीत, डॉक्टरांच्या त्या बोलण्यानंतर चार महिन्यांनी, तिने सांगलीच्या घरी आण्णांच्या गळ्यात कंठी बांधली. आई, म्हणजे सुलोचनाबाई, हातातलं लाटणं तसंच धरून दारात उभ्या होत्या.

"आण्णा, घाई करायची नाही हं," त्रिशला म्हणाली. "एकेक शब्द नीट उच्चारल्यासारखा करायचा, मग जरा थांबायचं, आणि मग..."

"लई शिकवू नगंस," खिशातून आवाज आला.

तोच आवाज. तोच खर्ज, शेवटाला तोच हेल. सुलोचनाबाईंनी लाटणं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"अगं बया! आलं की हो बोलणं!"

"रडतीस कशापायी? तवा जळतोय आत," आण्णा म्हणाले, आणि तिघंही हसत सुटले. त्या दिवशी आण्णा अडीच तास बोलले. शेजारी, गल्लीतला वाणी, तालमीतले जुने सोबती, सगळ्यांना त्यांनी बोलावून घेतलं, सगळ्यांचं बोलणं मध्येच तोडलं, आणि कुणालाही राग आला नाही. अडीच तासांनी बॅटरी संपली.

दुखणं तिथेच होतं. अडीच तास बोला आणि चार तास चार्जरला जोडून गप्प बसा. सगळ्याच रुग्णांची हीच तक्रार होती, आणि कंपनीने ती सोडवायचं काम त्रिशलाकडे दिलं.

कंठीचा प्रोग्राम रस्ट या भाषेत लिहिलेला होता. यंत्राला अगदी खेटून काम करणाऱ्या भाषांपैकी ही एक. अशा भाषेत 'हे बाहेर लिही' अशी आज्ञा दिली की ती तिथल्या तिथे पाळली जाते. एक शब्द ओळखला की कंठीतला झोपलेला रेडिओ जागा व्हायचा, खिशातल्या स्पीकरशी जोडणी करायचा, शब्द पाठवायचा आणि पुन्हा झोपायचा. सगळी वीज खायचं ते हे जागं होणं. एक शब्द पाठवा नाहीतर साठ, जागं व्हायचा खर्च तेवढाच. पंगतीत वाढपी काही एकेक पुरी हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत नाही. पुऱ्यांची बुट्टी भरली की निघतो. प्रोग्राममध्ये या बुट्टीला बफर म्हणतात. शब्द आधी बफरमध्ये साठवायचे, तो भरला किंवा 'आता रिकामा कर' असा हुकूम झाला, की सगळे एकदम बाहेर. त्या हुकमाला म्हणतात फ्लश. जगातला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम हेच करतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

त्रिशलाने साठ शब्दांचा बफर घातला. बोलणारा दीड सेकंद थांबला की फ्लश. एवढ्यावरच बॅटरी सोळा तासांवर गेली. मग तिने पट्ट्यातल्या बारीक माईकच्या भरवशावर आणखी एक अट घातली: समोर दुसरं कुणी बोलत असेल, तर ते थांबेपर्यंत शब्द धरून ठेव. चाचण्यांत दिसलंच होतं, की दोघं एकदम बोलले की ऐकणारा "काय म्हणालात?" विचारतो, रुग्ण तेच पुन्हा बोलतो, आणि वीज फुकट जाते. या अटीने बॅटरी एकोणीस तासांवर पोचली.

"एका ओळीत तीन तास वाचवलेस तू!" टीमचा प्रमुख इरफान म्हणाला. "दिवसभर पुरेल आता. लोक दुवा देतील बघ."

आणि दिल्या. खोटं कशाला बोला? नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकाने पत्र पाठवलं, की आता संध्याकाळी नातवंडं शाळेतून येतात तेव्हाही माझी बॅटरी शिल्लक असते. एप्रिलमध्ये हे व्हर्जन सगळ्या कंठ्यांवर गेलं. आण्णांच्याही.

"अवो, अजून एक भाकरी वाढू? ही गरम हाय. का भात घेताय? आमटी जरा तिखट झालीया आज, पण तुमाला चालंल..." सुलोचनाबाई बोलत बोलत भाकरी वाढून मोकळ्या झाल्या. त्या गप्प झाल्यावर खिशातून एका दमात आलं, "भाकरी नगं भात घाल आमटी झकास झालीया हात आवर गं वाढलीस की."

सुलोचनाबाई हसल्या. पहिल्या दिवशी सगळेच हसले. पण तालमीतले सोबती यायला लागले तेव्हा हसणं आटलं. चारचौघांच्या गप्पांत शांतता अशी पडतच नाही. आण्णांनी मारलेली कोपरखळी चार विषय पुढे गेल्यावर बाहेर पडे, आणि ती कुणाला होती हे कुणालाच कळत नसे. म्हातारे बिचारे भिडस्त, "व्हय व्हय" म्हणून मान हलवत. आण्णांना ती मान हलवणं कळत होतं.

मे महिन्यात त्रिशला घरी आली तेव्हा त्यांनी सरळच सांगितलं. "शब्द आला की सोड. धरून ठेवू नगंस. माझं बोलणं शिळं होतंय."

"आण्णा, बॅटरी..."

तिने हे म्हटलं आणि सवयीने थांबली, ते मध्ये तोडतील म्हणून. त्यांचे ओठ हललेही. पण तिचं बोलणं थांबून अजून दीड सेकंद झाला नव्हता, म्हणून कंठी थांबली होती. त्रिशलाला ते जाणवलं. तिने बोलणं चालूच ठेवलं. बॅटरीचं सांगितलं, परवानग्यांचं सांगितलं, एका माणसासाठी वेगळं व्हर्जन काढता येत नाही हे सांगितलं. आणि मग, कोण जाणे कुठून, वीस वर्षांपूर्वीची गोष्ट वर आली. दहावीला ती केंद्रात पहिली आली होती. गावाने सत्कार ठेवला. तिने दीड पानाचं भाषण पाठ केलं होतं. तिचं नाव पुकारल्यावर माईक आण्णांनी हातात घेतला आणि चाळीस मिनिटं सोडला नाही. मग वेळ संपली.

"मी तिथे उभी होते, आण्णा. सगळा वेळ. तुम्ही माझ्याबद्दलच बोलत होता, चांगलंच बोलत होता, पण मला एक वाक्य बोलू दिलं नाहीत. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही."

ती पावणेचार मिनिटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा आण्णांसमोर तिचं बोलणं शेवटपर्यंत गेलं. ती थांबली आणि दीड सेकंदाने खिशातून सगळं एकदम कोसळलं: "चुकलं माझं आगं ऐक की चुकलं मला वाटलं तू घाबरलीयास म्हणून मी चुकलं गं त्रिशले थांब की जरा चुकलं चुकलं पाणी पी."

एकच शब्द पाच वेळा. त्रिशलाला वाटलं, शब्द ओळखण्यात काहीतरी गफलत झाली. शेवटच्या 'पाणी पी'ला तिला हसूच आलं. पुण्याला परतल्यावर तिने कंपनीच्या यादीत नोंदसुद्धा केली: शब्दांची पुनरावृत्ती, कारण तपासावे.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. मन हलकं झालं होतं. परतीच्या वाटेवर ती गाडीत गुणगुणत होती.

जूनच्या सुरुवातीला वारणेकाठच्या नागठाणवाडीचे लोक आले. त्यांचं मैदान दर साली आण्णांच्या आवाजात व्हायचं. त्यांनी मानाचा नारळ पुढे ठेवला. "आण्णा, निदान शेवटच्या जोडीला तरी तुमीच बोला. तुमच्याबिगर मैदानाला चव न्हाई."

आण्णांनी लगेच त्रिशलाला फोन लावायला सांगितला. "तेवढ्या दिवसापुरतं काढ ते. जुनं घाल. अडीच तास लई झाले मला."

तिने काय करावं? एक दिवसाचा प्रश्न होता. जुनं व्हर्जन तिच्या लॅपटॉपवर होतं. पण तिने सांगितलं, मान्यता मिळालेलं यंत्र असं परस्पर बदलता येत नाही, आणि तशी काही अडचण येणारही नाही, साठ शब्द झाले की ते आपोआप सुटतात. हे ती कंपनीच्या बंद खोलीत बसून बोलत होती. तिथे चिटपाखरूही बोलत नसतं.

मैदानाला पंधरा हजार माणूस होतं. शेवटची जोड लागली, सोहेल आणि विक्रांत. हलगी कडाडली. त्रिशला आखाड्याच्या कडेला आण्णांच्या खुर्चीशेजारी बसली होती, आणि तिने खिशातल्या स्पीकरपुढे माईक धरला होता. सलामी झाली. आण्णांच्या गळ्याच्या शिरा हलायला लागल्या. माईकमधून काहीच येईना.

गर्दी बोलत होती, हलगी वाजत होती. कंठीच्या हिशेबाने समोर कुणीतरी सतत बोलतच होतं. ती अदबीने थांबली होती.

वीस सेकंदांनी साठ शब्द भरले आणि पहिलं वाक्य आलं, "सलामी झडली मंडळी, विक्रांतनं आत शिरून कब्जा घेतलाय!" तोवर विक्रांत खाली पालथा होता आणि सोहेल त्याच्या पाठीवर. लोकांनी आधी प्रेमाने टाळ्या वाजवल्या. पुढचे साठ शब्द आले तेव्हाही तसंच. कुस्तीत वीस सेकंद म्हणजे केवढा काळ! आण्णांच्या डोळ्यांपुढे एक कुस्ती चालली होती आणि लोकांच्या कानांत दुसरीच. त्यांनी त्रिशलाकडे पाहिलं, हाताने खूण केली, सोड, सोड. तिने फोनवरचं ॲप उघडलं. त्यात तसं बटणच नव्हतं. ते ठेवायची गरज तिला वाटली नव्हती.

मग सोहेलने घिस्सा मारला. विक्रांतची पाठ मातीला लागली. पोरं आखाड्यात घुसली, सोहेल खांद्यावर चढला, फेटे उडाले, आणि माईकमधून आण्णांचा तो गडगडाटी आवाज आला, "अजून कुणाचं काय सांगता येत न्हाई मंडळी, श्वास रोखून बघा!"

पंधरा हजार माणूस हसलं. वाईट मनाने नव्हे हो. असं काही ऐकलं की कुणालाही हसू येणारच. तरुण निवेदकाने पुढे होऊन अलगद माईक घेतला. "आपल्या आण्णांसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या!"

आण्णांनी गळ्यातली कंठी सोडली आणि त्रिशलाच्या मांडीवर ठेवली. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"पुढच्या व्हर्जनमध्ये काढते मी ते," गाडीत ती म्हणाली. "नक्की काढते, आण्णा."

मनात होतंच तिच्या. पण पुढच्या व्हर्जनची तारीख दोनदा पुढे गेली. नवा संवेदक आला, त्याच्या चाचण्या आल्या, मान्यतेची कागदपत्रं आली. रोजच्या फोनवर आई म्हणायची, "बरे हायत. घालतात की कंठी, दिवसभर गळ्यात असती." त्रिशलाला तेवढं पुरायचं. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट, सप्टेंबर गेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या वर्षातला कितवा महिना चालू आहे, हे तिने बोटांवर मोजलं असतं तर कळलं असतं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी इरफान तिच्या टेबलापाशी आला. "तुझ्या वडिलांचं युनिट तर विक्रम करतंय. एका चार्जिंगवर एकतीस तास!"

ती हसली. आणि मग तिचा हिशेब अडला.

बफर कितीही चांगला असला तरी एकतीस तास कसे होतील? तिने आकडे काढले. फेब्रुवारीत, त्या अडीच तासांच्या बॅटरीवरसुद्धा, आण्णा दिवसाला नऊ हजार शब्द बोलत होते. मैदानाच्या आदल्या दिवशी सहा हजार. मैदानानंतरच्या आठवड्यात, दिवसाला चाळीस. ऑगस्टमध्ये अकरा. गेल्या आठवड्यात, दोन.

कंठीत प्रत्येक शब्द कधी ओळखला आणि कधी बाहेर सोडला, दोन्ही वेळांची नोंद राहते. त्रिशलाने मे महिन्यातला तो दिवस उघडला. 'चुकलं माझं' हे शब्द ओळखले गेले होते ती सत्काराबद्दल बोलायला लागल्यावर चौथ्या सेकंदाला. दुसरं 'चुकलं' चाळिसाव्या सेकंदाला. तिसरं दीड मिनिटाने. पुनरावृत्ती वगैरे काही नव्हती. तिच्या प्रत्येक आरोपाला माणूस तिथल्या तिथे उत्तर देत होता, आणि तिच्या यंत्राने ते उत्तर तोंडावर हात ठेवून दाबलं होतं. पहिल्यालाच ऐकलं असतं तर पुढची साडेतीन मिनिटं तिला बोलायची गरजच पडली नसती.

ती अट तिने खोडली. बफर ठेवला, पण प्रत्येक शब्दामागे फ्लश घातला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. कुणाची मान्यता विचारली नाही, इरफानलाही सांगितलं नाही. लॅपटॉप घेतला आणि सांगलीच्या रस्त्याला लागली.

दुपारी ती घरी पोचली. आण्णा पलंगावर उशांना टेकून होते. हातही आता उचलत नव्हता. पंधरवड्यापासून अन्न नळीतून जात होतं. तुझ्या कामात कशाला व्यत्यय, म्हणून आईने ते फोनवर सांगितलं नव्हतं.

त्रिशलाने कंठीत नवा प्रोग्राम घातला आणि ती त्यांच्या गळ्यात बांधली. लॅपटॉपच्या पडद्यावर घशातल्या संदेशांची रेघ उमटायला लागली.

"आण्णा, काढलं मी ते. आता शब्द आला की सुटेल. बोला काहीही. मला शिव्या द्या."

रेघ सरळ होती. हृदयाचा ठोका तेवढा तिच्यावर बारीक थरथरत होता.

"संवेदक सरकला असेल," ती म्हणाली. तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुसून बांधला, वर घेतला, खाली घेतला. आण्णांचे डोळे तिच्या हातांबरोबर फिरत होते. डोळ्यांना सगळं कळत होतं.

"मी बोलते, तुम्ही मध्येच तोडा," ती म्हणाली. "मी काय म्हणत होते, त्या दिवशी..." आणि ती थांबली. वाट पाहिली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अर्ध्यावर थांबली. असं चार वेळा केलं.

"बाळ, काय सांगायचं ते सांग आता," सुलोचनाबाई मागून हळूच म्हणाल्या. "ऐकत्यात ते. समदं ऐकत्यात."

त्रिशलाने लॅपटॉप बाजूला ठेवला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"ती अट बॅटरीसाठी नव्हती, आण्णा. म्हणजे कागदावर होती, पण मनात नव्हती. मला एकदा तुम्हाला गप्प बसवायचं होतं. तुमच्याजवळ एकच वर्ष आहे हे मला माहीत होतं, तरी मी ते केलं. चुकलं माझं."

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. ते रागाचं होतं, की तिला माफ केल्याचं, की नुसतं दमल्याचं, हे तिला कळेना. आणि आता ते विचारून घ्यायची काही सोय उरली नव्हती.